अर्धी साक्ष : झियाकालीन पाकिस्तानातील स्त्रीचळवळ आणि उर्दू कविता

१

पाकिस्तानातील उर्दू कवयित्रींची कविता अनुवादांच्या वाटेने भारतीय भाषांतील वाचकांना आता बऱ्यापैकी परिचित झाली आहे. फहमीदा रियाझ आणि किश्वर नाहीद ही दोन नावे तर पदव्युत्तर वर्गात स्त्रीवादी साहित्याची चर्चा निघाली की हटकून घेतली जातात. या चर्चेत ‘बंडखोर’, ‘निर्भीड’, ‘विद्रोही’ अशी विशेषणे वापरली जातात आणि बहुधा तेथेच विवेचन थांबते. ही विशेषणे चुकीची नाहीत. पण कोणत्याही काळातील, कोणत्याही देशातील स्त्रीच्या कवितेला लावता येतील इतकी ती सैल आहेत. ही कविता ज्या राजवटीत लिहिली गेली, तिने स्त्रीच्या शब्दाचे मोल किती हा प्रश्न कायद्याच्या कलमांतून निकालात काढला होता. कवितेची शब्दकळा त्या कलमांशी थेट वाद घालते. तो वाद ऐकू येत नाही तोवर कविता अर्धीच वाचली जाते.

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. जनरल मुहम्मद झिया-उल-हक यांच्या लष्करी राजवटीत (१९७७ ते १९८८) पाकिस्तानातील स्त्रियांचे कायदेशीर स्थान कसे बदलले, त्याविरुद्ध कोणती चळवळ उभी राहिली आणि या दोहोंच्या संदर्भात तेथील स्त्रीकविता कशी वाचावी, एवढेच येथे पाहावयाचे आहे. या तिन्हींना जोडणारे सूत्र म्हणजे ‘साक्ष’ ही संकल्पना होय. उर्दूत साक्षीला ‘शहादत’ म्हणतात. साक्षीदार या अर्थाचा ‘शाहिद’ आणि हुतात्मा या अर्थाचा, मराठीतही रुळलेला ‘शहीद’ हे शब्द त्याच अरबी धातूपासून आलेले आहेत. जे पाहिले ते सांगणे आणि सांगितल्याची किंमत मोजणे, हे दोन्ही अर्थ त्या धातूत एकत्र नांदतात. झियाकालीन स्त्रियांच्या लढ्यात ते एकत्र आले होते, असे म्हणता येईल.

२

लष्करी हुकूमशाही आणि स्त्रियांचे हक्क यांचे नाते वरवर पाहता वाटते तितके सरळ नाही. पाकिस्तानचाच इतिहास याची साक्ष देतो. झिया यांच्या आधी तेथे जनरल (पुढे फील्ड मार्शल) अयूब खान यांची लष्करी राजवट होऊन गेली होती, आणि स्त्रियांच्या दृष्टीने महत्त्वाचा असा मुस्लिम कौटुंबिक कायदा अध्यादेश १९६१ साली याच राजवटीत निघाला. तलाकची लेखी सूचना स्थानिक मंडळास देणे त्याने बंधनकारक केले, दुसऱ्या विवाहासाठी लवाद मंडळाची परवानगी आवश्यक ठरवली आणि मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ वरून १६ वर नेले.

हा अध्यादेश म्हणजे हुकूमशहाचे दान होते, असे मात्र मानण्याचे कारण नाही. १९४९ मध्ये बेगम राना लियाकत अली खान यांनी स्थापन केलेल्या अखिल पाकिस्तान महिला संघटनेने त्यासाठी दीर्घकाळ आग्रह धरला होता. १९५५ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मुहम्मद अली बोगरा यांनी केलेल्या दुसऱ्या विवाहामुळे स्त्रियांत मोठा क्षोभ उसळला. त्याच वर्षी विवाह व कुटुंबविषयक कायद्यांचा विचार करण्यासाठी आयोग नेमला गेला व १९५६ मध्ये त्याचा अहवाल आला. मागणी स्त्रियांची, शिफारस आयोगाची आणि अंतिम स्वाक्षरी लष्करशहाची, असा हा क्रम आहे.

याच अयूब खान यांच्याविरुद्ध जानेवारी १९६५ मधील अध्यक्षीय निवडणुकीत मुहम्मद अली जीना यांच्या भगिनी फातिमा जीना उभ्या राहिल्या. मतदान अप्रत्यक्ष होते; ८०,००० निर्वाचित प्रतिनिधींना तेवढा मताधिकार होता. या निवडणुकीत सुधारक म्हणवणाऱ्या अयूब यांच्या समर्थकांनी स्त्री राष्ट्रप्रमुख होऊ शकते काय, हा धार्मिक प्रश्न प्रचारात आणला. आणि परंपरानिष्ठ जमात-ए-इस्लामीने फातिमा जीना यांना पाठिंबा दिला. या विरोधाभासाचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. स्त्रियांना सवलती देणे लष्करी राजवटीस अशक्य नसते. सवलत देणाऱ्याला स्त्रीने प्रश्न विचारणे, त्याच्यासमोर उमेदवार किंवा साक्षीदार म्हणून उभे राहणे, हे तिला मानवत नाही. सवलत वरून खाली येते. साक्ष खालून वर जाते. हुकूमशाहीचा खरा विरोध या दुसऱ्या दिशेला असतो.

३

५ जुलै १९७७ रोजी जनरल झिया यांनी झुल्फिकार अली भुट्टो यांचे सरकार उलथवून सत्ता हाती घेतली. १९७३ च्या राज्यघटनेतील २५ व्या अनुच्छेदाने केवळ लिंगाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही अशी हमी दिली होती. पण घटनाच स्थगित झाल्यावर त्या हमीचा आधार उरला नाही. निवडणुका पुढे ढकलल्या जात राहिल्या, आणि जनतेच्या संमतीने न मिळालेल्या सत्तेला ‘इस्लामीकरणा’च्या कार्यक्रमातून अधिमान्यता मिळवण्याचा प्रयत्न सुरू झाला. भुट्टो यांना ४ एप्रिल १९७९ रोजी फाशी देण्यात आले. त्याच्या दोन महिने आधी, १० फेब्रुवारी १९७९ रोजी, हुदूद अध्यादेश जारी झाले होते.

चोरी, मद्यपान, व्यभिचार, व्यभिचाराचा खोटा आळ आणि फटक्यांच्या शिक्षेची अंमलबजावणी अशा विषयांवरील या आदेशांपैकी ‘झिना’ अध्यादेशाचा स्त्रियांच्या जीवनावर सर्वांत खोल परिणाम झाला. ‘झिना’ म्हणजे विवाहबाह्य शरीरसंबंध. तोवर व्यभिचार हा पतीच्या तक्रारीवरून पुरुषावर चालणारा मर्यादित स्वरूपाचा गुन्हा होता आणि त्यात स्त्रीला शिक्षा नव्हती. आता विवाहबाह्य असा प्रत्येक संबंध राज्यसंस्थेविरुद्धचा गुन्हा ठरला व स्त्री त्यात आरोपी झाली. बलात्कारास ‘झिना-बिल-जब्र’, म्हणजे बळजबरीने केलेला झिना, असे नाव देऊन तो याच अध्यादेशात समाविष्ट करण्यात आला. एकाच गुन्ह्याचे संमतीने केलेला व बळजबरीने केलेला असे दोन प्रकार मानण्यातच पुढील अनर्थाचे बीज होते.

शिक्षेच्याही दोन पातळ्या होत्या. ‘हद्द’ ही ठरलेली, कमी न करता येणारी शिक्षा. ती देण्यासाठी आरोपीची कबुली किंवा प्रत्यक्ष कृत्य डोळ्यांनी पाहिलेल्या चार प्रौढ मुस्लिम पुरुषांची साक्ष आवश्यक होती. स्त्रीची साक्ष येथे ग्राह्यच नव्हती. ज्या स्त्रीवर अत्याचार झाला तिचीही नव्हती. असा पुरावा मिळणे जवळजवळ अशक्य असल्याने खटले बहुधा ‘ताझीर’ या दुसऱ्या पातळीवर चालत. तेथे अन्य पुरावा चालत असे आणि संमतीच्या झिनासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, फटके व दंड अशी शिक्षा होती. दगडांनी ठार मारण्याची शिक्षा काही खटल्यांत सुनावली गेली, तरी ती न्यायालयीन मार्गाने प्रत्यक्षात अमलात आली नाही. म्हणून हा कायदा कागदोपत्रीच भयंकर होता असे समजणे चुकीचे ठरेल. त्याचा खरा जाच ताझीरच्या तरतुदींतून, पोलीस ठाण्यातून आणि खटला उभा राहण्यापूर्वीच्या कोठडीतून झाला.

हा जाच कसा होत असे, ते दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. पहिले साहिवाल येथील एका अंध तरुणीचे. तिच्यावर अत्याचार झाल्याची फिर्याद होती. पुराव्याअभावी पुरुष आरोपी सुटले. तिचे गरोदर राहणे मात्र तिच्याविरुद्ध पुरावा ठरले. सत्र न्यायालयाने तिला तीन वर्षे कारावास, पंधरा फटके आणि एक हजार रुपये दंड अशी शिक्षा दिली. देशात व परदेशात निषेध झाल्यावर १९८३ मध्ये संघीय शरीयत न्यायालयाने ती रद्द केली. येथे कायद्याचे तर्कशास्त्र पाहण्यासारखे आहे. बळजबरी सिद्ध झाली नाही, पण संबंध घडल्याचे फिर्यादीनेच मान्य केले आहे. सबब फिर्याद हीच कबुली. स्त्रीने तोंड उघडले तर तिचे शब्द तिच्यावरच उलटत.

दुसरे उदाहरण एका व्यक्तीचे नसून एका पद्धतीचे आहे. १९६१ चा कौटुंबिक अध्यादेश झिया यांनी रद्द केला नाही. तो कागदावर तसाच राहिला. पतीने तोंडी तलाक दिला पण मंडळाला लेखी सूचना दिली नाही, अशा अनेक स्त्रिया तलाक झाला आहे या समजुतीने पुनर्विवाह करीत. मग पूर्वीचा पती पुढे येऊन तलाक झालाच नव्हता असे म्हणे, आणि तिचा दुसरा संसार झिना ठरे. स्त्रीच्या संरक्षणासाठी केलेली नोंदणीची अट अशा रीतीने तिच्याच विरोधात वापरली गेली. सवलत शाबूत असूनही ती निष्प्रभ कशी होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

याच काळात ‘चादर और चारदीवारी’ ही घोषणा सार्वजनिक जीवनात दुमदुमू लागली. स्त्रीचे पावित्र्य चादरीत आणि तिचे स्थान घराच्या चार भिंतींत, असा तिचा आशय. सरकारी कार्यालयांतील स्त्रिया, शिक्षिका, विद्यार्थिनी व दूरचित्रवाणीवरील निवेदिका यांच्या पोशाखाविषयी आदेश निघाले. आणि तरीही, ज्या १९७९ मध्ये हुदूद अध्यादेश निघाले त्याच वर्षी केंद्र सरकारात स्वतंत्र महिला विभाग स्थापन झाला. १९८३ पासूनच्या सहाव्या पंचवार्षिक योजनेत स्त्रियांच्या विकासावर प्रथमच स्वतंत्र प्रकरण आले, आणि १९८५ मध्ये राष्ट्रीय सभेतील स्त्रियांच्या राखीव जागा १० वरून २० झाल्या. स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी बेगम झरी सरफराज यांच्या अध्यक्षतेखाली आयोगही नेमला गेला. १९८५ मध्ये त्याचा अहवाल तयार झाला, पण झिया यांच्या हयातीत तो प्रसिद्ध होऊ शकला नाही. सवलती द्यायच्या आणि साक्ष दाबायची, हा वर सांगितलेला नियम येथेही दिसतो.

४

१९८१ मध्ये एका सत्र न्यायालयाने घरच्यांच्या इच्छेविरुद्ध एकत्र आलेल्या एका जोडप्यापैकी पुरुषास दगडांनी ठार मारण्याची आणि स्त्रीस शंभर फटक्यांची शिक्षा सुनावली. ती पुढे टिकली नाही. पण त्या बातमीने हादरलेल्या स्त्रिया त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कराची येथे एकत्र आल्या. १९७५ पासून काम करणाऱ्या ‘शिरकत गाह’ या गटाने ही बैठक बोलावली होती. तीतून ‘खवातीन महाज-ए-अमल’, म्हणजेच इंग्रजीत विमेन्स अ‍ॅक्शन फोरम या नावाने ओळखला जाणारा मंच जन्माला आला. लवकरच लाहोर व इस्लामाबाद येथेही त्याच्या शाखा निघाल्या. राजकीय पक्षांवर बंदी, वृत्तपत्रांवर सेन्सॉर आणि जाहीर सभांना मज्जाव असलेल्या काळात या मंचाने सह्यांच्या मोहिमा, निवेदने, घरगुती बैठका, पथनाट्ये आणि मूक निदर्शने असे मार्ग अवलंबिले. लाहोरमध्ये अस्मा जहांगीर, हीना जिलानी आदी वकील स्त्रियांनी १९८० मध्ये स्वतःची वकिली संस्था काढली होती. तुरुंगातील स्त्रियांचे खटले चालवण्याचे काम तिने अंगावर घेतले.

चळवळीचा निर्णायक क्षण आला तो साक्षीच्या प्रश्नावरच. १८७२ पासून चालत आलेल्या पुरावा कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्यातील मसुद्यानुसार एका पुरुषाच्या साक्षीच्या जागी दोन स्त्रियांची साक्ष लागणार होती. या मसुद्याविरुद्ध निवेदन देण्यासाठी १२ फेब्रुवारी १९८३ रोजी लाहोरमधील स्त्रिया मॉल रस्त्यावरून उच्च न्यायालयाकडे निघाल्या. लष्करी कायद्यानुसार मोर्चाला बंदी होती. पोलिसांनी त्यांना अडवले, लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला आणि अनेकींना अटक केली. पाठिंबा द्यायला आलेले लोककवी हबीब जालिब यांनाही मार बसला. या घटनेचे प्रतीकात्मक मोल मोठे आहे. साक्ष देण्याचा हक्क मागायला निघालेल्या स्त्रियांना न्यायालयाच्या वाटेवर झालेली मारहाण सगळ्या शहराने पाहिली. अर्धी साक्ष ठरवल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या बाजूने त्या दिवशी सबंध रस्ता साक्षीदार झाला. पुढे १२ फेब्रुवारी हा पाकिस्तानात महिला दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

या लढ्याचे फलित काय? १९८४ मध्ये ‘कानून-ए-शहादत’ आदेश निघालाच. पण मूळ मसुद्याच्या मानाने त्याची व्याप्ती आकुंचित झाली होती. आर्थिक व्यवहार किंवा भावी बंधने यांविषयीच्या लेखी दस्तऐवजांवर दोन पुरुष किंवा एक पुरुष व दोन स्त्रिया यांची साक्ष असावी, असे त्याच्या १७ व्या अनुच्छेदात म्हटले आहे. इतर बाबतींत एका पुरुषाची किंवा एका स्त्रीची साक्ष न्यायालय ग्राह्य धरू शकते, असेही त्यातच आहे. तत्त्व हरले, व्याप्ती रोखली गेली. चळवळीच्या यशापयशाचे मोजमाप करताना हा बारकावा सोडून चालणार नाही.

चळवळीच्या मर्यादाही नमूद करावयास हव्यात. मंचातील बहुसंख्य स्त्रिया मोठ्या शहरांतील, सुशिक्षित, वरच्या मध्यमवर्गातील होत्या. कायद्याचा फटका मात्र प्रामुख्याने गरीब व ग्रामीण स्त्रियांना बसत होता. खावर मुमताझ व फरीदा शहीद या चळवळीतीलच अभ्यासक होत. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाकिस्तानी स्त्रियांविषयीच्या ग्रंथात या आंदोलनाचा सविस्तर आढावा आहे. दुसरीकडे, सिंध प्रांतात याच दशकात ‘सिंधियाणी तहरीक’ ही ग्रामीण स्त्रियांची संघटना उभी राहिली. १९८३ च्या लोकशाही पुनःस्थापना आंदोलनात या स्त्रिया उतरल्या आणि तुरुंगातही गेल्या. त्यांच्या मागण्यांत स्त्रीचा हक्क, प्रांताचा हक्क आणि जमिनीचा प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. ‘स्त्रीचळवळ’ हा एकवचनी शब्द वापरताना अभ्यासकाने हे भान ठेवले पाहिजे.

मंचात आणखी एक वाद दीर्घकाळ चालला. कायद्यांना विरोध धर्माच्या चौकटीत राहून, धर्मग्रंथांचा वेगळा अर्थ लावून करावा, की धर्म आणि राज्य यांची फारकत मागावी? प्रारंभी पहिला मार्ग सोयीचा वाटला, कारण तो सामान्य स्त्रियांपर्यंत पोहोचत होता. परंतु अर्थनिर्णयाच्या त्या आखाड्यात अंतिम अधिकार उलेमांकडेच जातो, हा अनुभव आल्यावर मंचाने धर्मनिरपेक्ष राज्याची भूमिका उघडपणे स्वीकारली. ग्रंथाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. तेथे तो तुरुंगात जाणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न होता.

५

या पार्श्वभूमीवर कवितेकडे वळले असता तिची परिभाषा निराळ्या प्रकाशात दिसू लागते.

फहमीदा रियाझ (१९४६–२०१८) यांचा जन्म मेरठचा, वाढ सिंधमधील हैदराबादची. ‘पत्थर की जबान’ (१९६७) या पहिल्या संग्रहानंतर आलेल्या ‘बदन दरीदा’ (१९७३) या संग्रहाने स्त्रीच्या शरीरानुभवाची उघड भाषा उर्दू कवितेत आणली म्हणून मोठे वादंग माजले. झिया यांच्या राजवटीत त्यांच्या ‘आवाज’ या नियतकालिकावर खटले झाले. त्यांत देशद्रोहाचाही आरोप होता. १९८१ मध्ये त्या भारतात आल्या. अमृता प्रीतम यांनी त्यांच्यासाठी रदबदली केली होती. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामिया विद्यापीठाच्या आश्रयाने त्यांनी हद्दपारीची सुमारे सात वर्षे काढली.

त्यांची ‘चादर और चारदीवारी’ ही नज्म म्हणजे राजवटीच्या घोषणेलाच दिलेले उत्तर आहे. कवितेतील ‘मी’ राज्यकर्त्याला अदबीने संबोधते. ही काळी चादर मला कशासाठी बहाल केली जात आहे, मी शोकात नाही, लपावे असे पापही मी केलेले नाही, असा तिचा प्रश्न आहे. मग ती चादर परत करून सांगते की तिची खरी गरज राज्यकर्त्यालाच आहे, कारण त्याच्याच दालनात एक प्रेत कुजत पडले आहे. शेवटी चादर व चार भिंती ओलांडून ती नव्या मानवाची सहप्रवासी म्हणून उभी राहते. या कवितेची रचना अर्जाची आहे. संबोधन अर्जदाराचे, भाषा विनयाची, आणि अर्ज वाचून संपेपर्यंत अर्जदार फिर्यादी झालेली असते व ज्याच्याकडे अर्ज केला तो आरोपी. लाहोरच्या स्त्रिया जे निवेदन घेऊन निघाल्या होत्या, त्याच अर्जाचे हे काव्यरूप होय. विनयशील संबोधनाकडे केवळ उपरोध म्हणून पाहिले तर हा रचनात्मक उलटफेर नजरेतून निसटतो.

त्यांच्या १९८८ मधील संग्रहाचे नाव ‘अपना जुर्म साबित है’ असे आहे. आपला गुन्हा सिद्ध झाला आहे, असे कवयित्री शीर्षकातच सांगते. ज्या कायद्याने स्त्रीच्या फिर्यादीचे रूपांतर कबुलीत केले, त्या कायद्यासमोर कबुलीचाच शब्द उचलून धरण्याची ही रीत आहे.

किश्वर नाहीद यांच्या कवितेत हीच रीत अधिक थेट दिसते. त्यांचा जन्म १९४० चा, बुलंदशहर येथील. ‘लब-ए-गोया’ (१९६८) या पहिल्याच संग्रहाने त्यांना मान्यता मिळवून दिली. सीमॉन द बोव्हार यांच्या ‘द सेकंड सेक्स’ या ग्रंथाचे त्यांनी केलेले उर्दू रूपांतर झियाकाळात बंदीच्या तडाख्यात सापडले. ‘हम गुनहगार औरतें’ ही त्यांची कविता या काळाची ओळखच बनली. १९९१ मध्ये रुखसाना अहमद यांनी उर्दू स्त्रीकवितेचे इंग्रजी अनुवादांसह जे संकलन लंडनहून प्रसिद्ध केले, त्याचे नावही याच कवितेवरून घेतलेले आहे. या कवितेत नकारांची एक मालिका आहे. सत्तेच्या झग्यांना न दिपणाऱ्या, न झुकणाऱ्या, स्वतःला न विकणाऱ्या स्त्रिया स्वतःस ‘गुनहगार’ म्हणवून घेतात. मराठी अनुवादक येथे ‘पापी’ किंवा ‘पापिणी’ असा शब्द योजण्याचा संभव आहे. तो कोशात बसतो, कवितेत कमी पडतो. झिना अध्यादेशाने पाप आणि गुन्हा यांतील सीमारेषा पुसून टाकली होती; जे परलोकीच्या न्यायाचे होते ते फौजदारी न्यायालयाच्या कक्षेत आणले होते. ‘गुनहगार’ या उर्दू शब्दात पापी व अपराधी हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत आणि कविता त्या एकत्र असण्यावरच उभी आहे. ‘पापिणी’ म्हटले की न्यायालय नाहीसे होते. ‘गुन्हेगार’ म्हटले की धर्मपीठ नाहीसे होते. दोहोंपैकी एक निवडताना आपण काय गमावतो, हे अनुवादकाला ठाऊक असले पाहिजे.

कवितेबरोबर रंगभूमीचाही उल्लेख आवश्यक आहे. १२ फेब्रुवारीच्या मोर्चातील एक कार्यकर्त्या मदीहा गौहर यांनी स्थापलेल्या ‘अजोका’ या नाट्यसंस्थेने १९८४ मध्ये लाहोर येथे पहिला प्रयोग केला, तो बादल सरकार यांच्या ‘जुलूस’चा. सार्वजनिक नाट्यगृहांवर पहारा असल्याने तो घराच्या अंगणातील हिरवळीवर झाला. मराठी प्रायोगिक रंगभूमीला सुपरिचित असलेल्या या बंगाली नाटककाराची संहिता सीमेपलीकडे लष्करी राजवटीतील मोर्चाची जागा घेते, ही नोंद तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने घ्यावी अशी आहे. वाहतूक दोन्ही बाजूंनी होती. भारतीय स्त्रीचळवळीत रुजलेली ‘आझादी’ची घोषणा आपण पाकिस्तानी स्त्रियांकडून ऐकली, असे कमला भसीन सांगत असत.

६

मराठी अभ्यासकाने हा विषय दूरचा म्हणून बाजूस सारू नये, याची दोन कारणे आहेत.

पहिले वाङ्मयीन. न्यायालयाच्या निकालातून स्त्रीचे लेखन जन्मास येणे आपल्या परंपरेला नवे नाही. १८८१ मध्ये सुरत येथील एका विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली आणि त्यानिमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर आगपाखड झाली. तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध लिहून १८८२ मध्ये प्रसिद्ध केला. कटघऱ्यातील स्त्रीला बोलता येत नाही तेव्हा बाहेरची स्त्री लेखणी हाती घेते आणि आरोपीची जागा बदलून टाकते. काळ, धर्म व राजवट भिन्न असूनही ताराबाईंचा निबंध आणि फहमीदा रियाझ यांची नज्म यांत हा आकृतिबंध समान आहे.

दुसरे कारण आत्मपरीक्षणाचे आहे. हुदूद अध्यादेश निघाले त्याच सुमारास महाराष्ट्रातील मथुरा खटल्याचा निकाल देशभर गाजत होता. १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा तो खटला. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने प्रतिकाराच्या खुणा नाहीत म्हणून संमती गृहीत धरली व त्यांना सोडून दिले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यानंतरच्या आंदोलनातून १९८३ मध्ये कायदा बदलला आणि कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात, संबंध सिद्ध झाल्यावर, संमती नव्हती हे स्त्रीचे म्हणणे न्यायालयाने गृहीत धरावे अशी तरतूद झाली. ज्या वर्षी लाहोरच्या रस्त्यावर स्त्रिया आपल्या साक्षीसाठी मार खात होत्या, त्याच वर्षी येथे स्त्रीच्या साक्षीला, मर्यादित प्रमाणात का होईना, वजन मिळाले.

या तुलनेतून आत्मसंतुष्ट होण्याचे कारण नाही. स्त्रीच्या शब्दाविषयीचा अविश्वास ही हुकूमशाहीची मक्तेदारी नव्हे. तो लोकशाहीतील न्यायासनावरही बसू शकतो. हुकूमशाही दोन गोष्टी अधिकच्या करते. त्या अविश्वासाला ती कलमाचे रूप देते, आणि तो दुरुस्त करण्याची वाट, म्हणजे खुले पत्र, सभा, मोर्चा व निवडून आलेली संसद, बंद करते. १९९० नंतर भारतातील वाढत्या धर्मवादाकडे पाहून फहमीदा रियाझ यांनीच ‘नया भारत’ ही झोंबणारी कविता लिहिली, हेही येथे स्मरणात ठेवावे.

७

१७ ऑगस्ट १९८८ रोजी बहावलपूरजवळ विमान अपघातात झिया यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेनझीर भुट्टो पंतप्रधान झाल्या. एक स्त्री सरकारच्या प्रमुखपदी आली, तरी झिना अध्यादेश रद्द झाला नाही. तेवढे संसदीय बळ त्यांच्यापाशी नव्हते. त्यानंतर आलेल्या निर्वाचित सरकारांच्या काळातही तो कायम राहिला. अखेर २००६ च्या स्त्री-संरक्षण कायद्याने बलात्काराचा गुन्हा पुन्हा दंडसंहितेत नेला व चार पुरुष साक्षीदारांचे सावट त्यावरून दूर केले. हे घडले तेव्हा सत्तेवर होते जनरल परवेझ मुशर्रफ, म्हणजे आणखी एक लष्करशहा. १९६१ ची पुनरावृत्ती झाली असे वाटण्याचा येथे संभव आहे. परंतु २००६ च्या कायद्यामागे सत्तावीस वर्षांची तुरुंगातील नोंद, खटल्यांची कागदपत्रे, अस्मा जहांगीर व हीना जिलानी यांच्यासारख्यांची कायदेशीर चिकित्सा, मंचाची निदर्शने आणि या कविता उभ्या होत्या. स्वाक्षरी कोणाची यावरून हक्क कोणी मिळवला हे ठरत नाही.

तेव्हा ही कविता शिकवताना तिच्यासोबत कायद्याचे कलमही वर्गात वाचले जावे, अशी सूचना करावीशी वाटते. कलम वाचल्याने कवितेचे वाङ्मयीन मूल्य उणावत नाही. उलट ‘हुजूर’, ‘जुर्म’, ‘गुनहगार’ हे शब्द कोणत्या दालनातून कवितेत आले हे कळते, आणि त्या दालनात ज्यांना बोलता आले नाही त्यांचा निःशब्द वावरही जाणवू लागतो. कवितेने कायदा बदलला असा दावा कोणी करू नये. तो वकिलांनी, कार्यकर्त्या स्त्रियांनी आणि दीर्घ काळाने बदलला. कायद्याने जी साक्ष अर्धी ठरवली होती ती कवितेने पूर्ण नोंदवून ठेवली, आणि ही नोंद आज आपल्या हाती आहे. तिचे वाचनही तितक्याच जबाबदारीने व्हावे, एवढीच अपेक्षा.